'आभासी' कार्ड की टोपण क्रमांक?

'व्हर्च्युअल क्रेडिट कार्ड' या शब्दप्रयोगासाठी मराठीत 'आभासी कार्ड' असा शब्द योजला जातो. वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर तो रुळला आहे. 'व्हर्च्युअल' दिसले की 'आभासी' लिहायचे, याला अनुवादकांचा हात आता इतका सरावला आहे की त्यापाशी कुणी क्षणभरही थबकत नाही. माझ्या मते हा शब्द चुकीचा आहे. तो निव्वळ चुकीचा असता तर प्रश्न परिभाषा समितीपुढे ठेवून मोकळे होता आले असते. परंतु या शब्दामुळे पैशाचे खरोखर रक्षण करणारी एक साधी सोय मराठी वाचकाला परकी आणि काहीशी संशयास्पद वाटू लागते. शब्द चुकल्याने माणसाचे आर्थिक नुकसान व्हावे, असे प्रसंग साहित्याच्या अभ्यासकांच्या वाट्याला क्वचितच येतात. म्हणून या विषयात आपण लक्ष घालायला हरकत नाही.

'आभास' ही संज्ञा साहित्याच्या विद्यार्थ्याला नवी नाही. अनौचित्य शिरले की रसाचा रसाभास होतो. हेतूसारखा दिसणारा, परंतु अनुमानाला आधार देऊ न शकणारा हेतू म्हणजे हेत्वाभास. अंधारात दोरीच्या जागी साप भासतो, तोही आभासच. या सर्व ठिकाणी दिसणे आहे, असणे नाही. आपल्या परंपरेत हा शब्द जवळजवळ नेहमीच दोषवाचक राहिला आहे. त्यात भर म्हणून गेल्या दशकात 'आभासी चलन' हा शब्द आला आणि त्याच्या पाठोपाठ फसलेल्या गुंतवणूकदारांच्या बातम्याही आल्या. आता तेच विशेषण बँकेच्या कार्डाला लावल्यावर एखाद्या निवृत्त प्राध्यापकाने हात आखडता घेतला, तर दोष त्याच्या शब्दज्ञानाचा नव्हे. उलट, त्याचे शब्दज्ञान चांगले असल्यामुळेच तो बिचकतो.

मूळ इंग्रजी शब्दाचा प्रवास मात्र वेगळ्या वाटेने झाला आहे. तो लॅटिन 'व्हर्तुस' या शब्दापर्यंत मागे जातो. व्हर्तुस म्हणजे बळ, गुण, सामर्थ्य. मध्ययुगीन युरोपीय तत्त्वचिंतकांनी त्यावरून जे विशेषण घडवले, त्याचा आशय 'रूपाने नसले तरी सामर्थ्याने असलेले' असा होता. म्हणजे 'व्हर्च्युअल' या शब्दात असणे आहे, दृश्य रूप तेवढे नाही. आणि 'आभास' या शब्दात दृश्य रूप आहे, असणे तेवढे नाही. आपण एका शब्दासाठी नेमका त्याच्या विरुद्ध टोकाचा शब्द निवडला. ज्याला आपण आभासी कार्ड म्हणतो त्यातून पैसे खरे जातात, वस्तू खरी घरी येते आणि महिनाअखेरीचे बिलही खरेच असते. नसतो तो फक्त प्लास्टिकचा तुकडा.

मग त्याला म्हणावे काय? त्याआधी ही वस्तू आहे तरी काय, ते पाहू.

आपल्या कार्डावर बहुधा सोळा आकडे असतात. त्यांतले पहिले सहा किंवा आठ कार्ड काढणाऱ्या संस्थेची ओळख सांगतात, मधले आकडे आपल्या खात्याकडे बोट दाखवतात आणि शेवटचा आकडा केवळ पडताळणीसाठी असतो. या पडताळणीची रीत आयबीएममधील हान्स पीटर लून यांची. त्यांनी १९५४ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० साली ते त्यांना मिळाले. रीत समजायला साहित्याच्या विद्यार्थ्याला अवघड जाऊ नये, कारण ती मात्रा मोजण्यासारखीच आहे. उजवीकडून निघून एकाआड एक आकडा लघू आणि गुरू धरायचा. लघूची किंमत आहे तेवढीच, गुरूची दुप्पट. दुप्पट नऊच्या वर गेली तर तिच्यातल्या दोन आकड्यांची बेरीज घ्यायची. सगळ्यांची बेरीज दहाने निःशेष भागली गेली पाहिजे. संगणकतज्ज्ञ चाचणीसाठी जो क्रमांक सर्रास वापरतात त्यात आरंभी चार आणि पुढे पंधरा वेळा एक असतो. चाराचे आठ, गुरू स्थानावरच्या सात एकांचे चौदा, लघू स्थानावरच्या आठ एकांचे आठ, एकूण तीस. म्हणजे ओळ वृत्तात बसली. परंतु वृत्तात बसली म्हणून ती कविता होत नाही, हे आपण वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. लूनच्या रीतीने एखादा आकडा चुकून वेगळा टंकला गेल्याचे कळते. क्रमांक कुणी टंकला, तो त्याचा होता की चोरीचा, हे कळत नाही. ठकसेनही यंत्राच्या साहाय्याने वृत्तात बसणाऱ्या हजारो ओळी पाडू शकतो, आणि पाडतोही.

खरी अडचण याहून खोलवरची आहे. कार्डाचा क्रमांक हे एक नाव आहे. बँकेच्या वहीत आपल्याला त्या नावाने ओळखतात. नाव हे सांगण्यासाठीच असते. ते सांगितल्याशिवाय व्यवहार होत नाही. परंतु इंटरनेटवरच्या खरेदीत हेच नाव, त्याच्या मुदतीची तारीख आणि मागे छापलेले तीन आकडे, एवढ्याच्या बळावर पैसे काढून घेता येत असत. कित्येक देशांत आजही येतात. म्हणजे आपण तेच शब्द नाव म्हणून चारचौघांत सांगतो आणि गुपित म्हणून जपायलाही जातो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे अशक्य आहे. शंभर दुकानांना सांगितलेले गुपित शंभरांतल्या सर्वांत निष्काळजी दुकानदाराच्या हाती असते.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर दोन उदाहरणे पाहा. २००५ साली अमेरिकेत कार्डसिस्टिम्स सोल्युशन्स या कंपनीतून सुमारे चार कोटी कार्डांची माहिती उघडी पडल्याचे जाहीर झाले. ही कंपनी दुकान आणि बँक यांच्यामधली हरकाम्या. तिचे नाव सामान्य ग्राहकाने ऐकलेलेही नव्हते. व्यवहार झाल्यावर जी माहिती साठवायला नको होती, ती तिने साठवून ठेवली होती. दुसरे उदाहरण २०१८ सालचे. ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळात कुणीतरी परकी आज्ञावली घुसवली. ऑगस्टच्या २१ तारखेपासून सप्टेंबरच्या ५ तारखेपर्यंत प्रवासी तिकिटाचे पैसे भरत होते आणि ते टंकत असलेला प्रत्येक आकडा परस्पर दुसरीकडेही पोहोचत होता. कंपनीने तेव्हा सुमारे ३,८०,००० व्यवहारांचा आकडा दिला. २०२० साली ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी तिला दोन कोटी पौंडांचा दंड केला. यातले महत्त्वाचे असे, की प्रवाशांनी कोणतीही चूक केलेली नव्हती. संकेतस्थळ खरे होते, कुलपाची खूण होती, पत्ता बरोबर होता. 'सावध राहा' या उपदेशाचा तिथे काडीचा उपयोग नव्हता.

उपयोग होता तो वेगळ्या प्रकारच्या क्रमांकाचा, आणि त्याची कल्पना तोवर जुनी झालेली होती. डब्लिनच्या ऑर्बिसकॉम या कंपनीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती आकाराला आणली. पुढे मास्टरकार्डने ही कंपनी विकत घेतली. २००० साली अमेरिकन एक्सप्रेसने 'प्रायव्हेट पेमेंट्स' या नावाने एका व्यवहारापुरता चालणारा क्रमांक देऊ केला. एमबीएनए आणि नंतर बँक ऑफ अमेरिका यांची 'शॉपसेफ', सिटीबँकेचे व्हर्च्युअल अकाउंट नंबर ही त्याच कुळातली नावे. कल्पना अगदी साधी आहे. खात्याचा खरा क्रमांक बँकेच्या आणि आपल्या जवळच राहतो. खरेदीच्या वेळी बँक त्याच खात्यासाठी एक दुसरा, सोळा आकडी, मात्रांच्या हिशेबात चोख बसणारा क्रमांक तयार करून देते. दुकानाला तो नेहमीच्या क्रमांकासारखाच दिसतो. त्यामागे कोणते खाते आहे हे फक्त बँकेच्या वहीत असते. आणि त्या क्रमांकाला अटी घालता येतात: याच दुकानात चालेल, एवढ्याच रकमेपर्यंत चालेल, एवढेच दिवस चालेल. ब्रिटिश एअरवेजच्या प्रवाशाने असा क्रमांक वापरला असता तर चोराच्या हाती पडला असता तो एक संपलेला क्रमांक; तिकिटाच्या रकमेपुरता, त्याच विमान कंपनीपुरता.

आपल्या साहित्यात या वस्तूला नाव आहे. एकाच माणसाचे, त्याच्या खऱ्या नावाऐवजी ठराविक व्यवहारापुरते वापरायचे, ज्याची खूणगाठ एका विश्वासू मध्यस्थाला ठाऊक असते असे नाव म्हणजे टोपणनाव. म्हणून माझी सूचना 'टोपण क्रमांक' या शब्दाची आहे. राम गणेश गडकऱ्यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोद बाळकराम या नावाने. चिं. त्र्यं. खानोलकरांची कविता आरती प्रभूंची आणि कादंबरी खानोलकरांची. एका माणसाच्या तीन किंवा दोन वह्या. प्रत्येकीवर वेगळे नाव. यात खोटेपणा आहे, असे कुणी म्हटल्याचे स्मरत नाही. बाळकरामच्या विनोदावर कुणी रुष्ट झाला तर तो हिशेब बाळकरामच्या नावे मांडला जाई. गोविंदाग्रजांच्या प्रेमकवितेपर्यंत त्याची झळ पोहोचण्याचे कारण नव्हते. क्रमांकाच्या बाबतीत नेमके हेच साधायचे असते. एका दुकानातली गळती त्या दुकानापुरती राहावी.

परंतु गडकरी-खानोलकरांच्या टोपणनावांत हौसेचा आणि आत्मप्रतिमेचा भागही होता. संरक्षण म्हणून घेतलेल्या नावाचे ठळक उदाहरण विभावरी शिरूरकर यांचे आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले. शिकलेल्या, अविवाहित, नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या मनात काय चालते हे त्या कथांनी उघड केले आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे नाव प्रकाशक ह. वि. मोटे यांना ठाऊक होते. लोकांचा संताप कागदावरच्या नावापर्यंत येऊन थांबत होता, कारण कागदावरचे नाव आणि घरचा पत्ता यांना जोडणारा धागा प्रकाशकाच्या कपाटात होता. टोपण क्रमांकाच्या योजनेत बँकेची जागा मोट्यांची आहे. आणि म्हणूनच या योजनेचे सारे बळ बँकेच्या कपाटावर अवलंबून आहे, हेही लगोलग मान्य केले पाहिजे. ते कपाटच फुटले तर टोपणनावांना अर्थ उरत नाही. ब्रिटिश एअरवेजचे प्रकरण घडत होते त्याच ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले; बनावट कार्डांनी देशोदेशींच्या एटीएममधून पैसे काढले गेले. तिथे ग्राहकाने कोणता क्रमांक कुठे वापरला, हा प्रश्नच नव्हता.

टोपणनावाची उपमा एका जागी अपुरीही पडते. टोपणनावाला कीर्ती हवी असते. 'कुसुमाग्रज' हे नाव तर 'शिरवाडकर' या नावाच्या पुढे निघून गेले. टोपण क्रमांकाने मात्र आपले एक काम करून विस्मृतीत जावे, हीच अपेक्षा असते. शिवाय टोपणनावाला रकमेची आणि मुदतीची मर्यादा नसते. या मर्यादांचा पूर्वज शोधायचा तर साहित्यातून उठून पेढीवर जावे लागते. तिथे हुंडी भेटते.

हुंडी हा शब्द आज करचुकवेगिरीच्या बातम्यांनी बदनाम केला असला तरी मूळचा तो मोठा सभ्य दस्तऐवज होता. त्याचे प्रकारच पाहावेत. दाखवताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी. ठराविक दिवसांनी द्यायचे ती मुदती. जो हाती घेऊन येईल त्याला द्यायची ती धनीजोग. नाव लिहिले असेल त्यालाच द्यायची ती नामजोग. आणि बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या सावकारालाच द्यायची ती शाहाजोग. यातला 'जोग' म्हणजे आपल्या 'करण्याजोगा', 'सांगण्याजोगा' यांतलाच, योग्य, पात्र. रक्कम लिहिण्याचीही रीत होती: आकड्यात लिहायची, अक्षरात लिहायची, आणि वर तिची निम्मी रक्कम सांगून 'तिची दुप्पट' असेही लिहायचे, म्हणजे कुणी एखादे शून्य वाढवले तर निम्म्याशी मेळ बसू नये. हुंडी हरवली तर तिची 'पेठ' मिळे, पेठ हरवली तर 'परपेठ'. एकीवर पैसे दिले गेले की बाकीच्या निकामी. ठकसेनांचा विचार आपल्या पूर्वजांनी केला नव्हता असे कोण म्हणेल?

या परिभाषेत बोलायचे तर प्लास्टिकच्या कार्डावरचा क्रमांक ही एक धनीजोग, दर्शनी आणि रक्कम कोरी ठेवलेली हुंडी आहे. तिची मुदत काही वर्षांची आणि तिच्या नकला प्रत्येक दुकानात पडलेल्या. शहाण्या सावकाराने अशी हुंडी लिहिली नसती. टोपण क्रमांक ही नामजोग, रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली हुंडी. या सोयीत नवे असे फारसे काही नाही. मधल्या काळात जे गमावले होते ते परत आणण्याचा हा प्रयत्न आहे. तो समजायला मराठी माणसाला इंग्रजी येण्याची गरज पडू नये.

आपल्याकडे काय झाले? एचडीएफसी बँकेची 'नेटसेफ', कोटक महिंद्रा बँकेची 'नेटकार्ड', स्टेट बँकेचे 'व्हर्च्युअल कार्ड' अशा सोयी निघाल्या होत्या. ग्राहकाने नेट बँकिंगमध्ये जायचे, रक्कम घालायची, क्रमांक घ्यायचा आणि तो दुकानाच्या पानावर उतरवायचा. हा सोपस्कार कंटाळवाणा होता, हे नाकारता येत नाही. अमेरिकेतही बँक ऑफ अमेरिकेने 'शॉपसेफ' २०१९ साली बंद केली. त्यात रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरच्या कार्ड व्यवहारांना आणखी एका पडताळणीची सक्ती केली. कार्डावर छापलेली माहिती पुरेशी नाही, ग्राहकालाच ठाऊक असलेले आणखी काही हवे, हा तो नियम. आधी पासवर्ड आणि मग मोबाईलवर येणारा ओटीपी यांनी ती जागा घेतली. नाव आणि गुपित यांची फारकत करणारा हा निर्णय दूरदृष्टीचा होता आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. टोपण क्रमांकाची निकड त्यामुळे कमी भासू लागली.

पुढे आली टोकनची पद्धत. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतात दुकानांना आणि त्यांच्या मध्यस्थांना ग्राहकाच्या कार्डाचा खरा क्रमांक साठवून ठेवता येत नाही; साठवायचे ते टोकन. कार्ड आणि दुकान यांच्या प्रत्येक जोडीला वेगळे टोकन मिळते, म्हणून एका दुकानातून चोरलेले टोकन दुसऱ्या दुकानात चालत नाही. म्हणजे देशातल्या असंख्य कार्डधारकांना, त्यांना कळो न कळो, दुकानागणिक एकेक टोपण क्रमांक मिळाला. कोट्यवधी लोकांचे रक्षण त्यांच्याकडून फारसे काही न करवता झाले, ही थोर गोष्ट आहे. माझी तक्रार पुढच्याच पायरीवरची आहे. टोपणनाव मिळाले, पण अट घालण्याचा हक्क त्याबरोबर आला नाही. टोकन नामजोग आहे. रक्कम आणि मुदत यांबाबत ते मुके आहे. त्याआधी, ऑक्टोबर २०२० पासून, कार्डावरचे इंटरनेट व्यवहार किंवा परदेशी व्यवहार बंद-चालू करण्याची आणि त्यांच्या कमाल मर्यादा ठरवण्याची सोय बँकांनी ग्राहकांना द्यावी असा नियम झाला. सोय चांगली आहे आणि ती प्रत्येकाने आजच तपासावी. परंतु ती सबंध कार्डाला लागू होते. एका नियतकालिकासाठी पाचशे आणि दुसऱ्या दुकानासाठी पाच हजार, असा भेद तिला करता येत नाही.

या भेदाची गरज कुणाला पडते? साहित्याच्या विद्यार्थ्याला नक्कीच पडते. आपले पैसे जातात कुठे ते पाहा: परदेशी विद्यापीठातल्या परिषदेचे नोंदणी शुल्क, एखाद्या संग्रहाची महिनाभराची वर्गणी, अमेरिकेतल्या जुन्या पुस्तकांच्या छोट्या दुकानाकडून मागवलेली दुर्मिळ आवृत्ती. २००९ च्या सक्तीच्या कक्षेत परदेशी संकेतस्थळांवरचे व्यवहार आले नव्हते, आणि टोकनचा नियमही देशातल्या दुकानांपुरता. ज्या जुन्या पुस्तकवाल्याच्या रसिकतेवर आपला पूर्ण विश्वास आहे, त्याच्या संगणकाच्या देखभालीवर तेवढाच विश्वास ठेवण्याचे कारण नाही. दोन्ही गुण एकाच माणसात क्वचितच नांदतात. अशा ठिकाणी पुस्तकाच्या किमतीइतकाच आणि आठवड्याभरातच संपणारा क्रमांक देता आला तर चुकीचे तसे फार थोडे घडू शकते. काही बँका आणि नव्या वित्तीय कंपन्या असा क्रमांक आजही देतात; पण ती सोय ॲपच्या चौथ्या-पाचव्या पडद्याआड असते आणि तिच्यावर पाटी असते 'आभासी'.

'मोफत महिना' देऊन नंतर निमूटपणे पैसे कापणाऱ्या वर्गण्यांसाठीही टोपण क्रमांक सुचवला जातो. तिथे एक पथ्य आहे. क्रमांक संपला म्हणजे करार संपला, असे होत नाही. पैसे कापले जाणार नाहीत, परंतु वर्गणी रद्द केल्याचे कळवणे हे आपले काम उरतेच. बाळकराम या नावाने केलेला करार गडकऱ्यांना मोडता येत नाही.

आणि आता या सोयीची खरी मर्यादा. टोपण क्रमांक क्रमांकाच्या चोरीपासून वाचवतो. आपल्याकडे आज माणसे लुबाडली जातात ती बहुतांशी क्रमांक चोरून नव्हे, तर गोष्ट सांगून. तुमचे खाते बंद होणार आहे, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली आहे. या गोष्टींना पात्रे असतात, गणवेश असतो, घाई असते, आणि ऐकणाऱ्याने स्वतःच ओटीपी सांगावा किंवा पैसे पाठवावेत असा शेवट असतो. २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनेही या दोन प्रकारांत भेद केला: दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, अशी गळती असेल आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार नाही, पण गुपित त्यानेच सांगितले असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. निरपराध म्हाताऱ्या माणसाला भीती घालून बोलते करणे आणि त्याने निष्काळजीपणे पासवर्ड कुणाला देणे, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. परंतु तो वेगळ्या लेखाचा विषय. इथे एवढेच, की टोपण क्रमांक हे त्या दुखण्यावरचे औषध नाही आणि तसे सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

यूपीआयबाबत मात्र दोन वाक्ये लिहायलाच हवीत, कारण बहुतेक वाचकांचा रोजचा व्यवहार आता तिथेच होतो. २०१६ साली ही पद्धत आली तेव्हा तिच्यातल्या पत्त्यालाही 'व्हर्च्युअल' हेच विशेषण होते, आणि त्याचेही भाषांतर अर्थातच 'आभासी' झाले. हा पत्ताही टोपणनावच आहे, आणि कार्डाच्या क्रमांकाहून निर्धोक. कार्डाचा क्रमांक मिळाला की दुकान आपल्या खात्यातून पैसे ओढते. यूपीआयमध्ये पैसे सहसा आपण ढकलतो, आणि बहुतेक वेळा पिन टाकल्याशिवाय ते हलत नाहीत. इतकी चांगली रचना करून झाल्यावर कित्येक ॲप मात्र आपला मोबाईल क्रमांकच त्या पत्त्यात जसाच्या तसा घालून देतात. विभावरी शिरूरकर या नावाखाली कंसात घरचा पत्ता छापावा, तसा हा प्रकार. पत्ता बदलून घेता येतो, बदलून घ्यावा.

टोपण क्रमांकाच्या काही किरकोळ अडचणीही आहेत. हॉटेलात किंवा विमानतळावर ज्या कार्डाने पैसे भरले तेच दाखवा म्हणतात, तिथे तो अडतो. परताव्याची रक्कम संपलेल्या क्रमांकावर आली तरी ती बहुधा मूळ खात्यात पोहोचते, मात्र विचारपूस करावी लागू शकते. या अडचणी सोसण्याजोग्या आहेत.

सोसवत नाही ती या सोयीभोवतीची भाषा. कार्डाचे टोकन करण्यासाठी ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यावी, असा नियम आहे. ती घेतलीही जाते: एका छोट्या चौकोनात, दोन ओळींच्या इंग्रजीत, पैसे भरण्याच्या घाईत. कशाला संमती दिली, हे विचारले तर शंभरातल्या किती जणांना सांगता येईल? १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट परक्या सरकारने केला, आणि त्याच्या आरंभीच देशी भाषांत लिहिलेल्या दस्तऐवजांच्या स्थानिक रूढींना त्याने सवलत ठेवली. हुंडीची भाषा पेढीवर टिकली ती अशी. आजच्या बँकेच्या पडद्यावर 'टोपण क्रमांक' अशी पाटी, तिच्याखाली तीन रिकाम्या जागा आणि त्यांच्यापुढे 'कोणाजोग', 'किती रकमेपर्यंत', 'कोणत्या तारखेपर्यंत' एवढे लिहायला किती अक्षरे लागतात, ते ज्यांनी हे पडदे रचले त्यांनी मोजून पाहावे.